पोकळ गोळ्याचा पल्ला

सर,

तुमचा तक्ता चुकीचा आहे. सगळा नाही, पोकळ गोळ्याची ओळ. मी अकरावीत होते तेव्हाही ती चुकीची होती आणि आजही आहे. एकदा हे तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरले नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता उलट बोलायला तुम्ही नाही, तरी हे लिहिताना माझा आवाज चढतोय. कागदावरही आवाज चढतो हे आज कळलं. पेन इतकं दाबलं जातंय की खालच्या पानावर अक्षरं उमटली आहेत.

मागे एकदा कॉलेजात मोकळ्या तासाला मी आकडेमोड करत बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "काय हो, पेपर काढताय का?" मी म्हटलं, नाही, रणगाडा किती लांबून फुटतो ते काढतेय. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं की हा खेळ कुणाला समजावायचा तर तुमच्या स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करावी लागते. धुळ्याला शाळेच्या मागच्या गल्लीतलं तुमचं घर. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून लढाई स्वयंपाकघरात. खाली शहाबादी फरशी, चौकोन चौकोन. एक फरशी म्हणजे पाचशे मीटर. काडेपेटी म्हणजे रणगाडा. साधी काडेपेटी असेल तर पातळ कवचाचा, काळा कागद चिकटवलेली असेल तर जाड कवचाचा. पालथी वाटी म्हणजे टेकडी. काकू ओट्याशी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापतायत, त्यांच्या पायांशी दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत, आणि त्या पीठ घ्यायला वळल्या की तुम्ही ओरडता, "अगं, डावी फळी! डावी फळी तुडवशील!" काकू एक पाय तसाच वर धरून विचारतात, "मंग मी काय उडी मारू?"

आणि भिंतीवर, खिळ्याला टांगलेला तुमचा तक्ता. डावीकडे गोळ्याचा प्रकार, वरच्या बाजूला किती फरशा लांबून मारताय ते, आणि चौकटीत एक आकडा. दोन फासे टाकायचे. तेवढं दान पडलं किंवा त्याहून जास्त, तर समोरचा रणगाडा जळाला, काडेपेटी उलटी करायची. जवळून मारलं तर थोडं दान पुरतं, एकेक फरशी लांब गेलं की आकडा वाढत जातो. जाड कवच असेल तर त्यात आणखी दोन मिळवायचे. आकडा बाराच्या वर गेला तर फासे टाकायचेच नाहीत, त्या रणगाड्याला त्या अंतरावरून भय नाही. एवढाच खेळ. जीवशास्त्राच्या बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सापशिडीच की." मला इतका राग आला की मी चहा तसाच टाकून तासावर निघून गेले.

मी त्या घरात पहिल्यांदा आले ती नववीत, इतिहासाचा नकाशा द्यायला. दार उघडं होतं, आतून आवाज आला, "आत ये, पण भिंतीच्या कडेने ये." तुम्ही बनियनवर, गुडघे टेकून फरशीवर. शाळेत टाय लावून ताठ चालणारे आमचे सर जमिनीला गाल लावून एका काडेपेटीतून दुसरी दिसते का ते बघत होते. मी हसले नाही, त्याचं तुम्हाला बरं वाटलं असावं. तुम्ही फासे माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, "टाक. नऊ पाहिजेत." दहा पडले. तुम्ही काडेपेटी उलटी केलीत आणि समोर बसलेल्या मुलाला म्हणालात, "गेला बघ तुझा. एका मुलीने दीड किलोमीटरवरून उडवला." त्यानंतर दर रविवारी मी तिथेच. घरी वडिलांनी विचारलं तर मी सांगायची, सरांकडे इतिहास शिकायला जाते. ते खोटं नव्हतंच.

ज्याचा रणगाडा मी उडवला तो सावदा गावचा, म्हणून आमच्यात 'सावद्याचा'. वसतिगृहात राहायचा, घरची केळी, सुट्टीत गेला की आम्हाला घड आणायचा. त्याच्या बोलीत ड चा ळ होतो आणि ळ चा य. त्यामुळे तो रणगाड्याला रणगाळा म्हणायचा आणि गोळ्याला गोया. वर्गात मुलं खदखदून हसायची. तुमच्याकडे एकदा कुणी हसलं तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "रणगाडा म्हणा की रणगाळा, कवच तेवढंच जाड असतं." तो त्या दिवसापासून तुमचा झाला, आणि अजून तुमचाच आहे. दुसरा कापडवाल्यांचा मुलगा, आमचा 'कापडवाला'. त्याचे आजोबा राजस्थानातून येऊन धुळ्यात दुकान टाकून बसलेले, घर जैन, संध्याकाळनंतर चुलीला हात नाही, मुंगीसुद्धा मारायची नाही. तो घरी सांगून यायचा की गणिताच्या शिकवणीला जातो. स्वतःच्या हाताने रणगाडा जळाला की हळूच 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून माफी मागायचा आणि लगेच पुढचा गोळा भरायचा. आम्ही तिघं टिकलो. बाकीची मुलं आली आणि गेली.

आता ती अकरावीची गोष्ट. मी विज्ञान शाखेला गेले होते आणि कॉलेजच्या ग्रंथालयात शस्त्रांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचत होते. त्यात ठोस गोळा आणि पोकळ गोळा यांतला फरक लिहिला होता. ठोस गोळा म्हणजे निव्वळ कठीण धातूचा तुकडा. तो कवच फोडतो ते स्वतःच्या वेगाने. हवा त्याचा वेग खात जाते, म्हणून जितका लांबून माराल तितकी त्याची भेदण्याची ताकद कमी. पोकळ गोळ्याचं तसं नाही. त्याच्या पोटात स्फोटक आणि पुढच्या बाजूला तांब्याचं नरसाळं. तो कवचाला नुसता टेकला की स्फोट होतो, त्या नरसाळ्याची धातूची धार बनते आणि ती कवचातून आरपार जाते. ही ताकद स्फोटाची, गोळ्याच्या वेगाची नाही. म्हणजे एका फरशीवरून लागला काय आणि चार फरशांवरून लागला काय, भोक तेवढंच. आणि तुमच्या तक्त्यात पोकळ गोळ्याचा आकडा ठोस गोळ्यासारखाच फरशीगणिक चढत होता. मला वाटलं, सरांना हे सांगितलं की सर खूश होतील. मला खरंच तसं वाटलं होतं.

रविवारी डाव रंगात आलेला. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, वहीत काढून आणलेलं चित्रही दाखवलं. तुम्ही चित्र पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, हे मला आठवतंय. मग वही मिटून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "घरी भाजी करतेस का गं?" मी म्हटलं, कधीकधी. तुम्ही म्हणालात, "तिथे मीठ आपल्या अंदाजाने टाकायचं. हा तक्ता म्हणजे तुझी भाजी नाही. बस खाली." आणि मुलांकडे वळून, "डाव कुणाचा?" काकूंचा भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला होता. सावद्याचा खाली मान घालून फासे हातात खुळखुळवत होता. मी बसले. मी रडले नाही, पण त्या दिवशी मी ज्या ज्या वेळी फासे टाकले त्या त्या वेळी इतक्या जोरात टाकले की एक गॅसच्या शेगडीखाली गेला आणि काकूंनी झाडूने काढून दिला.

बारावीनंतर मी बी.एस्सी.ला जळगावला निघाले तेव्हा तुम्ही स्टँडवर आला होतात. हातात एक छोटं खोकं. त्यात कॅल्क्युलेटर, उन्हावर चालणारा. त्या वेळी धुळ्यात तो कुणाकडे नव्हता, तुम्ही कुणाकडून तरी मागवून घेतला असणार. "आकडेमोड करत जा," तुम्ही म्हणालात, "पण मनाने नको." गाडी सुटली आणि पारोळा येईपर्यंत मी विचार करत होते की ही माफी होती की टोमणा. मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, जळगावातच ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले, आता निवृत्ती जवळ आली, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. मी माझ्या वर्गात कुणालाही 'बस खाली' म्हणत नाही, सर. कुणी काही विचारलं तर मी पूर्ण उत्तर देते, फळा भरून देते. आणि अर्धा वर्ग जांभया देतो, खिडकीतून बाहेर बघतो. हेही तुम्हाला सांगायचं होतं, कारण याचाही मला तुमच्यावरच राग येतो.

तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला आम्ही तिघंही आलो होतो. काकू म्हणाल्या, त्या काडेपेट्या मी टाकणार नाही, तुम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी येत जा. तेव्हापासून दरवर्षी येतो. ते दोघं समोरासमोर खेळतात आणि मी पंच, कारण तक्त्यात लिहिलेलं आणि तुम्ही नुसतं तोंडी सांगितलेलं, दोन्ही मला पाठ. काकू भरीत करतात, कापडवाला वांगं खात नाही म्हणून त्याच्यासाठी दुधीचं वेगळं, कांदा-लसणाशिवाय. सावद्याच्याची एकच चाल ठरलेली. तो त्याचे काळ्या कागदाचे जाड रणगाडे कोपऱ्यात गॅस सिलेंडरपाशी नेतो, समोरच्यापासून चार फरशा लांब, आणि तिथून हलत नाही. तुमच्या तक्त्याप्रमाणे चार फरशांवरून जाड कवचाला कुठलाच गोळा काही करू शकत नाही. दरवर्षी कापडवाला चिडतो, दरवर्षी पुढे सरकतो आणि दरवर्षी मरतो. आणि दरवर्षी मी पंच म्हणून गप्प बसून ते पाहते आणि मनात म्हणते, पोकळ गोळा लागला असता ना, तर सिलेंडरपाशी बसलेल्या या महाराजांचं काही खरं नव्हतं.

या वर्षी उन्हाळ्यात कापडवाल्याने फोन केला. त्याच्या मनात आलं होतं की तुमच्या नावाने या खेळाची पुस्तिका छापावी, शाळाशाळांत वाटावी. "मॅडम, तुम्ही फक्त साफ कॉपी करून द्या, बाकी मी बघतो." मी म्हटलं, देते, पण पोकळ गोळ्याची ओळ दुरुस्त करून देणार. तो म्हणाला, "म्हणजे?" मी सांगितलं. ऐकून घेऊन तो म्हणाला, "छापायच्या आधी एकदा खेळून बघू." हे बरोबरच होतं. मी महिनाभर नवे नियम केले. एका फेकीऐवजी दोन. पहिली फेक, गोळा लागला की नाही. त्याला अंतर महत्त्वाचं, दोन्ही प्रकारच्या गोळ्यांना. दुसरी फेक, कवच फुटलं की नाही. ठोस गोळ्याला इथेही अंतर महत्त्वाचं, पोकळ गोळ्याला नाही. कवचाची जाडी पुढून वेगळी, बाजूने वेगळी, मागून वेगळी. गोळा तिरका लागला तर आणखी एक तक्ता. सर, ते नियम बिनचूक आहेत. कुठल्याही पुस्तकाशी ताडून पाहा.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही काकूंकडे जमलो. माझ्याकडे चार पानं होती, दोघांना प्रती काढून दिल्या होत्या. डाव सुरू झाला. कापडवाल्याने गोळा मारला, मी म्हटलं, थांब, आधी लागला का बघ. लागला. आता फुटलं का बघ. त्याआधी कोन बघ. तो पान उलटतोय, सावद्याचा चष्मा शोधतोय. पूर्वी जेवढ्या वेळात अर्धं सैन्य जळायचं तेवढ्या वेळात एक काडेपेटी उलटी झाली नव्हती. काकूंची भाकरी झाली, ताटं झाली, त्या दारात उभ्या राहिल्या. शेवटी एकदाचा कापडवाल्याचा पोकळ गोळा चार फरशांवरून सिलेंडरपाशी लागला, आणि कवच फुटलं. मी टाळी वाजवली. पंचाने टाळी वाजवायची नसते, हे तुम्हीच शिकवलंय. सावद्याच्याने हातातली पानं फरशीवर ठेवली.

"इतले वर्सं झाले, मी तठी बसतो," तो म्हणाला. "एका दिवसात तू मले उठोलं."

"मी नाही उठवलं. विज्ञानाने उठवलं. पोकळ गोळ्याला अंतराचा फरक पडत नाही."

"सरायनं लिहेल हाये ना?"

"सर चुकले."

तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी तुमच्या फोटोवरचा हार काढून टाकलाय. कापडवाला मधे पडला, "अरे छोड ना यार, संध्याकाळी दुकान आहे मला." काकू दारातून म्हणाल्या, "कसाले भांडी राह्यनात? तेस्नी लिखेल शे, मंग व्हई गय. जेवाले चला बठ्ठा." कशाला भांडताय, त्यांनी लिहिलंय ना, मग झालं, जेवायला चला. सगळ्यांचं त्याने भागतं. माझं भागत नाही. मी जेवताना काकूंना विचारलं की सरांनी तो तक्ता बसवला कसा, कुठलं पुस्तक होतं का. त्यांनी आठवून सांगितलं की पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. तुम्ही एकटेच फरशीवर बसून फासे टाकायचात, 'जमत नाही, जमत नाही' म्हणायचात आणि कागद फाडायचात. काकू हसत होत्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी सावद्याला गेले. फोनवर तो 'बरं, पाहू' एवढंच म्हणत होता म्हणून प्रत्यक्ष गेले. वखारीत ट्रक भरणं चालू होतं, केळीची पानं पसरून घड एकावर एक रचत होते, आणि तो खुर्ची टाकून प्रत्येक घडाकडे नजर ठेवून बसलेला. मला पाहून उठला, माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, तांब्याचं नरसाळं, स्फोट, धार, सगळं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुहं बरोबर असीन. मी कुठी नाही म्हणतो? पण मले एक सांग. तुले खेयाचं हाये, का सरायले खोटं पाळाचं हाये?"

"खोटं पाडायचा प्रश्न नाही. त्यांच्या नावाने चुकीचं छापलं जाईल. उद्या एखादा शिकलेला माणूस हसेल त्यांना."

"हासू दे. मह्या बोलण्याले हासत व्हते तवा सरायनं काय केलं, तुले याद हाये." तो ट्रककडे बघत म्हणाला. "आता त्यायले हासलं तर मी काय करीन, ते मी पाहीन."

मी विज्ञान सांगायला गेले होते आणि तो भलतंच काही सांगत होता, आणि त्याचं काहीही चुकत नव्हतं. परतताना त्याने गाडीत केळीचा अर्धा घड ठेवला. भुसावळ जाईपर्यंत मी स्वतःशी मोठ्याने भांडत होते.

घरी आल्यावर हट्टाने मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. माझ्या दोन फेकींचा गुणाकार केला. लागण्याची शक्यता गुणिले फुटण्याची शक्यता, आणि ती तुमच्या एका फेकीशी ताडून पाहिली. पातळ कवचाच्या रणगाड्यासाठी तुमचे आकडे जवळजवळ जसेच्या तसे आले, सर. कारण पोकळ गोळा संथ जातो, उंच कमान घेऊन जातो, लांबच्या रणगाड्यावर त्याचा नेम बसणं अवघड. लागला तर फोडतोच, पण लागणार कसा? म्हणजे तुमचा चढता आकडा फुटण्याचा नव्हताच, चुकण्याचा होता. मग जाड कवचाचं काढलं, आणि तिथे तुम्ही चुकलेले आहात. ठोस गोळा चार फरशांवरून जाड कवचावर लागला तर आपटून उडतो, पण पोकळ गोळा क्वचित का होईना लागला तर फोडतो. तुम्ही दोन्ही गोळ्यांना सारखेच दोन मिळवलेत. तिथे सिलेंडरपाशी कुणीही निर्धास्त बसू शकत नाही. म्हणजे अर्धं तुमचं बरोबर आणि अर्धं माझं.

यावर समाधान मानावं असं कुणीही म्हणेल. माझा संताप वाढला. कारण मग दोनच गोष्टी उरतात. एक, तुम्हाला हे सगळं माहीत होतं. माझं चित्र बघताना तुम्हाला कळलं होतं की ही पोरगी अर्धी बरोबर आहे, आणि 'लागणं वेगळं, फुटणं वेगळं, मी दोन्ही एकाच आकड्यात घातलंय, नाहीतर जेवायच्या वेळेपर्यंत डाव संपणार नाही' हे एक वाक्य तुम्ही मला सांगू शकत होतात. एक वाक्य, सर. ते न सांगता तुम्ही मला भाजीत मीठ टाकायला सांगितलंत. किंवा दुसरं, तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही फासे टाकत गेलात, कागद फाडत गेलात आणि ज्या आकड्याला डाव रंगला तो लिहून टाकलात. मग मी आणलेलं चित्र बघून तुम्ही घाबरलात. या दोघांपैकी कुठले सर माझे, हे मला कोण सांगणार? काकूंना माहीत नाही. ज्यांनी सांगायचं ते सांगण्याआधी गेले. आणि मी इतकी वर्षं शिकवते, मला ठाऊक आहे की असल्या प्रश्नाला पुरावा नसतो. तरीही मी रोज भाजी टाकताना तोच प्रश्न घोळवते.

पुस्तिका छापून आली. पिवळं कव्हर, तुमचं नाव मोठ्या अक्षरात, आत तुमचा तक्ता जसा होता तसा. शेवटच्या पानावर बारीक टायपात 'शुद्धलेखन तपासणी' म्हणून माझा उल्लेख आहे. कापडवाल्याने स्वतः जळगावला येऊन दहा प्रती दिल्या, खूप भीतभीत दिल्या. "नाराज नका होऊ मॅडम. तुमच्या नियमांची आपण वेगळी पुस्तिका करू, हायर क्लाससाठी." मी म्हटलं, छान झालीये. आणि दिवाळीनंतरच्या रविवारी मी येणार नाही असंही सांगून टाकलं, कॉलेजचं काम आहे म्हणून. त्याने दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही.

तो रविवार आज होता. दुपारी फोन वाजला. सावद्याचा.

"मॅडम, एक इचाराचं व्हतं. कामात हायेस का?"

"बोल."

"हा पोकय गोया मारून राह्यला. आन् महा रणगाळा बरोबर रेघेवर उभा हाये, अर्धा तिसऱ्या फरशीत, अर्धा चौथ्या. तिसरी धराची का चौथी? बुकात नाही लिहेल."

पुस्तिकेत नसणारच. ते तुम्ही कधी लिहिलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. रेषेवर असेल तर मार खाणाऱ्याच्या सोयीचं धरायचं. मागून कापडवाल्याचा आवाज येत होता, "तिसरी! मॅडम, तिसरी सांगा!" माझ्याकडे पूर्ण उत्तर तयार होतं, सर. पोकळ गोळ्याला तिसरी काय आणि चौथी काय, कवच फुटण्याच्या दृष्टीने प्रश्नच चुकीचा आहे, हे मी पाच मिनिटं बोलू शकले असते आणि एक अक्षर चुकलं नसतं.

मी विचारलं, "काळा कागद आहे का त्याला?"

"हाव."

"चौथी धर. मग आकडा बाराच्या वर जातो. फासे टाकायचे नाहीत. वाचलास तू."

तिकडे एकच गलका झाला. कापडवाला "अरे यार!" म्हणून ओरडला, काहीतरी भांडं पडलं, आणि त्या गोंधळात सावद्याचा हसतोय हे मला फोनवरून कळत होतं. मग काकूंचा आवाज आला, लांबून, ओट्याजवळून, "तिले इचार, जेवनी का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, केव्हाच. तो म्हणाला, "बरं मंग, ठेवतो," आणि ठेवला.

हे कुठे पाठवायचं नाहीच. काकूंना वाचून दाखवावं असं मघाशी एकदा वाटलं, पण त्यांना नरसाळं आणि गुणाकार कळणार नाही, आणि जे कळेल ते मला त्यांना कळू द्यायचं नाही. तुम्हाला तेवढं सांगते. मी जेवले नव्हते. सकाळी लवकर उठून साडी नेसले, पर्स भरली, धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते पाहून ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्याने नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी मी निघाले असते.